हायस्कूलची इमारत बांधताय? आधी मुलांचे गट ठरवा, खोल्या नंतर

जागा मिळाली, देणगीदार मिळाला की बहुतेक संस्थांत पहिलं काम काय होतं, तर आर्किटेक्टला यादी दिली जाते. बारा वर्ग, दोन लॅब, ऑफिस, स्टाफरूम, बसवा. आणि तो बसवतो, लांबलचक व्हरांडा आणि एका रांगेत खोल्या. मग त्या इमारतीत सहाशे मुलं येतात जातात आणि आठवीतलं एखादं पोर आठवडाभर गप्प गप्प असलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही, कारण त्याला शिकवणारे सात-आठ जण त्याच्याबद्दल बोलायला कधी एकत्र बसतच नाहीत. शिक्षक वाईट नसतात हो, इमारत आणि टाइमटेबल दोन्ही त्यांना एकत्र येऊ देत नाहीत.

यावर उपाय म्हणजे मोठ्या हायस्कूलच्या पोटात चार लहान शाळा करायच्या. प्रत्येक गटात दीडशेच्या आसपास मुलं, त्यांचे ठरलेले शिक्षक, आणि इमारतीत त्यांचा स्वतःचा भाग. ही कल्पना नवीन नाही. जर्मनीत ल्युनेन गावात हान्स शारून या आर्किटेक्टने १९५६ ते ६२ मध्ये मुलींचं हायस्कूल बांधलं, त्यात प्रत्येक वर्गाला अक्षरशः फ्लॅटसारखी रचना दिली, दप्तर-कोट ठेवायची जागा, मुख्य खोली, बाजूला गटाने बसायला छोटी खोली आणि बाहेर अंगणाचा तुकडा. अमेरिकेत मिनेसोटात ॲपल व्हॅलीला प्राणिसंग्रहालयाला लागून १९९५ मध्ये पर्यावरण विषयाचं हायस्कूल सुरू झालं, अकरावी-बारावीची साधारण ४०० मुलं, शंभर-शंभरचे चार गट, आणि गटाच्या आत दहा-दहा मुलांच्या टेबलांचे पुंजके. आपल्याला तेवढी जागा परवडणार नाही, पण त्यामागचं तत्त्व परवडतं.

आता आपला हिशोब. समजा आठवी ते दहावी, प्रत्येकी चार तुकड्या, तुकडीत ५० मुलं, म्हणजे १२ तुकड्या आणि ६०० मुलं. गट दोन पद्धतीने पाडता येतात. एक म्हणजे सगळी आठवी एका मजल्यावर, सगळी नववी दुसऱ्या. दुसरी पद्धत उभी, म्हणजे ८अ, ९अ, १०अ मिळून एक गट. मला उभी पद्धत जास्त पटते, कारण मूल तीन वर्षं त्याच शिक्षकांच्या नजरेखाली राहतं आणि दहावीच्या मुलांना आठवीच्या मुलांची नावं माहीत होतात. शिक्षकांचं गणितही जुळतं. गणिताचे आठवड्याला सहा-सात तास धरले तर तीन तुकड्यांचे वीसेक तास एकाच शिक्षकाचे होतात, तसंच विज्ञान, इंग्रजी, मराठी, समाजशास्त्र. म्हणजे गटाला पाच शिक्षक, आणि संचमान्यतेत, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या शिक्षकसंख्येत, तेवढे बसत नसतील तर चार तरी पक्के ठेवा, कुणीतरी दोन विषय घेईल. हिंदी-संस्कृत, चित्रकला, पीटी हे सगळ्या शाळेचे सामाईक.

इथे एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. अ तुकडी हुशारांची आणि ड तुकडी उरलेल्यांची हा प्रकार ज्या शाळेत आहे तिथे आधी तो बंद करा, नाहीतर गट पाडून तुम्ही त्या भिंती सिमेंटच्या कराल आणि ड गटातल्या मुलांना रोज आपल्या भागात शिरताना आपली लायकी काय ठरवलीय ते दिसत राहील. सेमी-इंग्लिशचंही तसंच. सेमीचा वेगळा गट केला की दोन वर्षांत तो आपोआप वरच्या लोकांचा गट होतो. सेमीत वेगळं असतं ते फक्त गणित आणि विज्ञान, मग शेजारशेजारच्या दोन गटांनी तेवढ्या तासांपुरती मुलांची अदलाबदल करावी, बाकी दिवसभर मिसळून बसू दे. म्हणूनच हे दोन गट नकाशात जवळ हवेत, आणि हे आर्किटेक्टला आधी सांगायचं असतं, स्लॅब पडल्यावर नाही.

मग येतो नकाशा. २० बाय २५ फुटांच्या तीन वर्गांसमोर आठ फुटी व्हरांडा धरला तर ७५ गुणिले ८ म्हणजे ६०० चौरस फूट फक्त चालण्यासाठी जातात. तेच तीन वर्ग तीन बाजूंना ठेवून मध्ये २५ बाय ३० चा हॉल केला तर ७५० चौरस फूट होतात. म्हणजे गटामागे फक्त दीडशे फूट जास्त, पण आता ती जागा चालण्याची न राहता वापरायची झाली, वाड्याच्या चौकासारखी. तिथे गटाची सभा होते, प्रोजेक्ट मांडता येतात, डबा खाता येतो, मागे पडलेल्या पाच मुलांना घेऊन शिक्षक एका कोपऱ्यात बसू शकतात. चौथी बाजू मैदानाकडे किंवा अंगणाकडे उघडी ठेवा. कोकणात पाऊस नैऋत्येकडून आत मारतो, तिकडे तोंड नको आणि छज्जा खोल हवा. विदर्भ-मराठवाड्यात पश्चिमेचं ऊन वर्गावर येऊ देऊ नका, त्या बाजूला जिना आणि टॉयलेट टाका. वर्गाला बाहेरच्या भिंतीत मोठ्या खिडक्या आणि हॉलच्या भिंतीत वर झरोके, म्हणजे वारा आरपार जातो. हॉलकडच्या भिंतीत तीन फुटांच्या वर काच ठेवली तर वर्गात शिकवता शिकवता हॉलमधल्या मुलांवर लक्ष राहतं. आवाज घुमतो ही तक्रार येणारच, त्यासाठी हॉलच्या भिंतींवर सॉफ्टबोर्ड लावा, मुलांची कामं लावायला जागा होते आणि आवाजही थोडा मरतो.

एका गटाच्या हॉलमधून दुसऱ्या गटात जायचा रस्ता ठेवू नका, नाहीतर तो परत व्हरांडाच झाला. आणि प्रत्येक गटाला बाहेर पडायचे दोन मार्ग, दारं बाहेर उघडणारी, शाळेच्या वेळेत एकालाही कुलूप नाही. कुंभकोणमला २००४ मध्ये शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली, त्यामुळे या बाबतीत जागा वाचवायची भाषाच नको. टॉयलेट गटागटाला वेगळं, मुलींचं आणि मुलांचं, त्यात पाणी आणि झाकणाची बादली. मैदानाच्या टोकाला एकच टॉयलेट असलं की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे कुठल्याही बाईंना विचारा.

आता ज्यावर सगळं उभं आहे ती खोली, शिक्षकांची. नकाशात ही सगळ्यात लहान असते आणि खर्च कमी करायचा म्हटलं की हीच आधी कापली जाते. १० बाय १२ ची, हॉलला लागून, हॉलकडे खिडकी. आत पाच जणांचं एक टेबल, पाच कपाटं, पालक आले तर दोन खुर्च्या. मोठी स्टाफरूम चहाला राहू दे, पण तिथे कपाटं ठेवायची नाहीत. शिक्षकाच्या तपासायच्या वह्यांचा गठ्ठा जिथे असतो तिथेच तो बसतो, हे साधं आहे. कपाट गटात आलं की शिक्षक गटात येतो, आणि मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाई गणिताच्या सरांना म्हणतात, अहो, तो ९अ मधला दोन दिवस डबा आणत नाहीये, घरी काही झालंय का बघा. टाइमटेबलमध्ये आठवड्यातून एक तास या पाचही जणांना एकदम मोकळा ठेवा, तेवढ्या वेळात पीटी आणि चित्रकला लावा. मुख्याध्यापकांनी हा तास गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर कुणाला पाठवायला वापरला तर इमारत कितीही चांगली असो, काही होणार नाही.

अमेरिकेत नेमकं हेच बऱ्याच ठिकाणी फसलं. २००० पासून केंद्राच्या शिक्षण खात्याने यासाठी अनुदानं दिली, गेट्स फाउंडेशननेही लहान हायस्कूलांवर मोठा पैसा लावला आणि पुढे हात आखडता घेतला. अनेक शाळांत गटांना नावं मिळाली पण मुलं-शिक्षक पूर्वीसारखेच इमारतभर फिरत राहिले. उलट न्यूयॉर्कमध्ये खरोखर लहान शाळा केल्या तिथे लॉटरीने प्रवेश मिळालेली मुलं आणि न मिळालेली मुलं यांची तुलना झाली, तेव्हा लहान शाळांतली जास्त मुलं वेळेत हायस्कूल पूर्ण करताना दिसली.

लॅब, लायब्ररी, ऑफिस सामाईकच ठेवा, चार-चार करायची गरज नाही. फक्त लायब्ररीचं एक कपाट प्रत्येक हॉलमध्ये, उघडं. इमारत दोन सत्रांत चालणार असेल तर सकाळच्या आणि दुपारच्या गटाला वेगळी कपाटं आणि वेगळे बोर्ड द्या.

नवीन बांधायला पैसे नाहीत आणि जुनीच इमारत आहे, तरी सुरुवात होते. एक मजला किंवा एक विंग एका गटाला द्या, टोकाची एक खोली रिकामी करून तिचा हॉल करा, शिक्षकांची कपाटं तिकडे हलवा. आरसीसी फ्रेम, म्हणजे भार खांब-तुळयांवर, असेल तर मधली विटांची भिंत काढता येते, तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्यावर. जुनी दगडी किंवा लोडबेअरिंग, म्हणजे छताचा भार भिंतींवरच असलेली, बांधणी असेल तर भिंतीला हात लावू नका, त्याऐवजी दोन वर्गांमधलं बंद पडलेलं दार उघडून घ्या, आणि दाराच्या दोन्ही बाजूंचे वर्ग एकाच गटाला द्या.