राजगड ते रायगड : निघण्याआधीची तयारी

येत्या जानेवारीत आम्ही सहा जण राजगड–तोरणा–रायगड हा चार दिवसांचा ट्रेक पुन्हा करणार आहोत. मागच्या खेपेला माझा ट्रेक सिंगापूर नाळेच्या, म्हणजे घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या उभ्या घळीच्या, पायथ्याशी, रायगडाजवळच्या दापोली गावात संपला. रायगड समोर दिसत होता आणि मला पायात बूट घालवत नव्हता. चौघे पुढे गेले, एक मैत्रीण माझ्यासोबत मागे राहिली. तिचा रायगड माझ्यापायी हुकला, याचे मला आजही वाईट वाटते. कारण एवढेच की, मी पायाची नखे कापली नव्हती. म्हणून ही यादी नखांपासून सुरू होते.

निघण्याच्या तीन-चार दिवस आधी पायाची नखे कापावीत. आदल्या रात्री घाईने कापू नयेत, कारण एखादे नख जास्त खोल कापले गेले तर ती जागा दुसऱ्या दिवशी हुळहुळते आणि बुटात चिघळते. नखे सरळ रेषेत कापावीत, कोपरे आत कोरू नयेत. वाढताना तेच कोपरे मांसात रुततात. कापून झाल्यावर बोटाच्या टोकावरून हाताचा अंगठा फिरवून पाहावा. नखाची कड हाताला लागली तर ते अजून लांब आहे.

नवे बूट घेऊन येऊ नये. ज्यांनी घेतलेच असतील त्यांनी महिनाभर आधी ते रोज वापरावेत आणि एकदा तरी सिंहगड चढून उतरावा. बूट विकत घेताना जाड मोजे घालून, शक्यतो संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना मापून घ्यावेत. मोज्यांचे तीन जोड हवेतच. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळलेले असते, कुसळे मोज्यांत घुसतात आणि चालता चालता निघत नाहीत.

टॉर्च, जादा सेल, कॅरीमॅट, स्लीपिंग बॅग, ताट, पेला, कानटोपी ही नेहमीची यादी सगळ्यांना पाठ आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही. सॅकचे वजन मात्र घरीच काट्यावर करावे आणि ते दहा किलोंच्या वर जाऊ देऊ नये. सॅकच्या बाहेर काहीही लोंबकळत ठेवू नये. बुधला माचीकडून तोरण्यावर चढताना कातळटप्पा लागतो. तिथे दोन्ही हात मोकळे हवेत आणि बाहेर टांगलेली बाटली खडकात अडकली की तोल जातो. अत्तर किंवा सुवासिक फवारा कोणीही लावू नये, कारण कड्यांवर आग्या मोहोळे असतात. धूर करू नये, हे वेगळे सांगायला नको.

शिधा सहा जणांत वाटून घ्यावा. पहिल्या दिवशी घरचे धपाटे आणि चटणी, पुढे खिचडीचे साहित्य मोजून पिशव्यांत भरलेले. चालताना गूळ-शेंगदाणे आणि चिक्की. मीठ-साखरेची पुडी प्रत्येकाच्या खिशात असावी, एकाच्या सॅकमध्ये नव्हे, कारण पायात गोळे येतात तेव्हा ती सॅक नेमकी अर्धा तास पुढे गेलेली असते. राजगडावर पद्मावती माचीवर पाणी मिळते. तिथून संजीवनी माचीच्या आळू दरवाजाने उतरून तोरण्याच्या धारेला लागले की पाण्याचा भरवसा धरू नये. प्रत्येकाने तीन लिटर भरून घ्यावे आणि ‘वाटेत बघू’ असे कोणीही म्हणू नये. गडावर मुक्कामाची परवानगी आहे की नाही, याची चौकशी निघण्याच्या आठवड्यात करावी.

मित्रांसोबत चालण्याचीही तयारी करावी लागते आणि ती घरीच करावी लागते. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या वेगाने गट चालेल, हे आधीच सर्वांनी कबूल केलेले असावे. सगळ्यांत शेवटी कोण चालणार हे रोज सकाळी ठरवावे, आणि त्याच्या मागे कोणी राहू नये. मुख्य म्हणजे दुखले की लगेच सांगावे. समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंचीच्या तोरण्याची चढाई आटोपून मेंगाई देवीच्या मंदिरात आम्ही टेकलो, तेव्हाच माझ्या उजव्या अंगठ्याचे नख ठणकत होते. सगळे दमले होते, चहा ठेवला होता, त्यांना कशाला त्रास द्यायचा म्हणून मी गप्प बसले. त्या रात्री दोन मिनिटे नेलकटर फिरवले असते तर पुढचे सगळे टळले असते. नेलकटर कोणाकडेच नव्हते. या खेपेला दोन नेलकटर सामानात असतील, एक माझ्याकडे आणि एक सर्वांत शेवटी चालणाऱ्याकडे.

मोहरी गावाच्या पठारावरून लिंगाण्याचा सुळका आणि त्याच्यामागे रायगड दिसतो, तेव्हा सगळे वर बघत असतात आणि पायांकडे कोणाचेच लक्ष नसते. नेमके तेव्हाच बसून बूट काढावेत. बोराट्याच्या नाळेने उतरू नये. ती अधिक उभी आहे आणि दगडधोंड्यांनी भरलेली आहे. सिंगापूर नाळेनेच उतरावे, तेही गावातला वाटाड्या घेऊन. त्या भागात मोबाइलच्या रेंजवर विसंबू नये. नाळ उतरायला लागण्यापूर्वी लेस सोडून पुन्हा बांधावी, घोट्यापाशी घट्ट, म्हणजे टाच मागे धरून राहते. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकते, पाठीवरचे ओझे त्याला ढकलते आणि दर पावलाला नखाची कड बुटाच्या टोकावर आपटते. घसाऱ्यावर हे दोन-तीन तास सलग चालते. दापोलीत एका घराच्या ओटीवर मी मोजा काढला, तेव्हा अंगठ्याचे नख जांभळे होऊन एका बाजूने उचलले गेले होते आणि मोज्याचा धागा त्याच्या खाली चिकटला होता. मैत्रिणीने पाणी ओतून तो भिजवला आणि हळूहळू सोडवला. ते नख पुढे गळून पडले. अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला वर्ष ते दीड वर्ष लागते. माझे अजून आलेले नाही. म्हणून पुन्हा सांगते, नखे कापा. ‘माझी बारीकच आहेत’ असे म्हणणाऱ्यानेही कापा.

पुढचे थोडक्यात. दापोलीहून वारंगीमार्गे रायगडवाडी गाठायची आणि चित् दरवाजाने गड चढायचा. पाय दुखावले असतील त्याने संकोच न करता रोपवेने वर यावे. तो १९९६ पासून आहे. महाडकडे जाणारी गाडी आधीच ठरवून ठेवावी. औषधांच्या डब्यात चिकटपट्टी, कापूस, जंतुनाशक. कचरा परत आणायचा. सुटे पैसे. पत्ते नकोत, रात्री झोपायचे आहे.

निघण्याच्या चार दिवस आधी, रात्री नऊ वाजता, मी प्रत्येकाला फोन करणार आहे आणि एकच विचारणार आहे, नखे कापली का?