ओले ओल्सन शोधायचा कसा

तीस वर्षं तलाठ्याची नोकरी केली. निवृत्तीनंतर विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनला लेकाकडे आलो तेव्हा वाटलं, सुटलं एकदाचं दप्तर. पण शेजारच्या आजींनी एक दिवस पणजोबांचा फोटो आणून दाखवला. नॉर्वेहून आलेला शेतकरी, अंगावर पायदळाचा डगला. "पंधराव्या विस्कॉन्सिन पलटणीत होते, एवढंच ठाऊक आहे," म्हणाल्या. नाव ओले ओल्सन. असा माणूस कागदांतून कसा काढायचा ते सांगतो. मी आधी भलताच काढला होता.

नुसत्या नावावर जाऊ नका. ओल्सन म्हणजे ओलेचा मुलगा. ते आपल्या अर्थानं आडनाव नव्हेच. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवी युद्धातली ही पलटण बहुतेक सगळी नॉर्वेजियनांची, त्यामुळे ओले ओल्सन पैशाला पासरी. सूचीत दिसला तो पहिला ओले मी धरला, पैसे भरून नक्कल मागवली. आली तर कंपनी (पलटणीतली तुकडी) वेगळी, बायको वेगळी. तेव्हा कंपनीचं अक्षर (ए, बी, सी असं) आधी पक्कं करा. आयोवात डेकोरा इथल्या व्हेस्टरहाइम संग्रहालयानं या पलटणीतल्या सैनिकांच्या नोंदी ऑनलाइन ठेवल्या आहेत, सुरुवात तिथून.

नॉर्वेत माणूस राहत्या शेताचं नाव पुढे लावी. हाउगेन म्हणजे टेकाड. आपले टेकाडे आठवा, झालं. मेख एवढीच की शेत बदललं की नावही बदले. शेताचं नाव आणि चर्चचं गाव हाती आलं, की नॉर्वेच्या डिजिटलार्किव्हेत या संकेतस्थळावर चर्चच्या जुन्या वह्या फुकट चाळता येतात.

लढायांत फार रमू नका. पलटण इथंच मॅडिसनच्या कॅम्प रँडल छावणीत उभी राहिली (तिथं आता स्टेडियम आहे, सामन्याच्या दिवशी आरडाओरडा आमच्या ओसरीपर्यंत येतो), तिचे कर्नल हान्स क्रिस्टियन हेग सप्टेंबर १८६३ मध्ये चिकमॉगाच्या लढाईत पडले. हे कुठंही वाचायला मिळतं. आपला माणूस मात्र पेन्शनच्या फाइलीत सापडतो.

ती वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जकडून, म्हणजे राष्ट्रीय दप्तरखान्याकडून, मागवायची. १८९० च्या पेन्शन कायद्यानं दुखणं लढाईतलंच हवं ही अट काढली. किमान ९० दिवसांची नोकरी आणि अंगमेहनत होत नाही याचा पुरावा, एवढं पुरे. मग काय, फाइली डॉक्टरांच्या आणि शेजाऱ्यांच्या जबान्यांनी फुगल्या. आजींच्या पणजोबांच्या फाइलीत एका शेजाऱ्यानं लिहून दिलंय, की ओलेला गंजी रचताना उजवा हात खांद्यावर नेता येत नाही, नांगर थोरला मुलगा धरतो. खाली सहीऐवजी फुली आणि दोन साक्षीदार. पंचनामाच की हो! १८९८ चा छापील प्रश्नांचा कागद मिळाला तर सोन्याहून पिवळं: बायकोचं माहेरचं नाव, लग्न कुठं झालं, मुलांच्या जन्मतारखा, सगळं त्यात.

मग जमीन. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर मिळे, पण पाच वर्षं राहून ती कसावी लागे. १८७२ पासून सैनिकांना पलटणीतला काळ त्या पाच वर्षांत धरून मिळू लागला. पट्टा ऑनलाइन दिसतो, पण तेवढ्यावर भागवू नका, मूळ प्रकरणच मागवा. घर केवढं, किती एकर फोडली, काय पेरलं, याची जबानी त्यात असते. आमच्या भाषेत फेरफार आणि पीकपाहणी एकाच बासनात.

सगळ्यात शेवटी १८७० च्या शिरगणतीबरोबरचा शेतीचा तक्ता काढला. आमच्या ओलेच्या ओळीत दोन बैल, तीन दुभत्या गाई, १५० पौंड लोणी. मोठ्यानं वाचून दाखवलं.

"लोणी घुसळलं कुणी?" आजी म्हणाल्या.

तक्त्यात तिचं नाव नव्हतं. मी पेन्शनची फाइल पुन्हा उघडली.