विद्यार्थी ऑर्केस्ट्रा आणि उत्तर-रोमँटिक संगीत : या चुका टाळा

उत्तर-रोमँटिक म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं भावनाप्रधान पाश्चात्त्य संगीत. त्यातल्या चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराच्या सहाव्या सिंफनीचा (ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना, १८९३) शेवटचा भाग बसवायला घेतला की व्हायोलिनवाले हमखास सांगतात, ‘घरी खूप घोटलं, पण चाल सापडतच नाही.’ सापडणार कशी? सुरुवातीला चालीचा एक सूर पहिल्या व्हायोलिनांकडे, तर पुढचा दुसऱ्या व्हायोलिनांच्या गटाकडे आहे. इथे गटागटाने वेगळी तालीम घेणं हीच चूक. दोघांना समोरासमोर बसवा, लय निम्मी करा, आधी चाल गाऊन घ्या. ती एकदा कानात बसली की हात आपोआप वळतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आवाजाने. मुलांना मोठं वाजवायला आवडतं आणि या संगीतात तशा जागाही भरपूर. पण याच सिंफनीच्या पहिल्या भागात बसून (bassoon) या खर्जातल्या फुंकवाद्याच्या चार सुरांखाली तब्बल सहा ‘पी’ (‘पी’ म्हणजे हळू; जितके जास्त, तितकं हळू) लिहिलेत, आणि लगेच सगळा ऑर्केस्ट्रा एकदम मोठ्याने तुटून पडतो. आधीची शांतता जमली नाही, तर तो आघात नुसता गोंगाट वाटतो. बसूनला खालचे सूर इतके हळू काढणं फार अवघड. ते बास क्लॅरिनेट या दुसऱ्या खर्जातल्या फुंकवाद्याला दिले तरी चालतं, अनेक नामांकित ऑर्केस्ट्रा तसंच करतात. तंतुवाद्यांनी गजाच्या टोकाशी, बोटभर गजात वाजवून पाहावं. याच काळातला संगीतकार माहलर तर एकाच क्षणी वेगवेगळ्या वाद्यांना हळू-मोठ्याच्या वेगवेगळ्या खुणा देतो. शेजाऱ्याचं ऐकून आपली खूण सोडू नका.

लय रेंगाळत असेल तर दोष बहुधा चाल वाजवणाऱ्यांचा नसतो. साथ करणारे चालीची वाट बघत मागे पडतात. चाल बंद ठेवून नुसती साथ वाजवून घ्या, दुखणं लगेच कळेल.

जर्मन संगीतकार ब्राह्म्सच्या चौथ्या सिंफनीत (१८८५) ट्रॉम्बोन ही पितळी फुंकवाद्यं तीन भाग गप्प असतात आणि चौथ्याच्या पहिल्याच ठोक्याला येतात. गार पडलेलं वाद्य सुराला उतरतं. तिसरा भाग चालू असतानाच वाद्यात आवाज न करता ऊबदार श्वास सोडत राहा.

आणि चायकोव्हस्कीच्या त्याच सहाव्या सिंफनीच्या तिसऱ्या भागानंतर, सगळं संपलं असं वाटून टाळ्या पडतातच, इतका तो दणक्यात संपतो. त्या टाळायच्या तर कंडक्टरने (ऑर्केस्ट्राच्या संचालकाने) हात खाली सोडू नयेत, व्हायोलिनांनी गज तारेवरच ठेवावेत, आणि शेवटचा भाग थेट सुरू करावा.