ट्रॉट्सच्या तबेल्यात काम करायचं असेल तर

सिडनीत शिकायला आलेली आपली मुलं मला अधूनमधून विचारतात, घोड्यांच्या तबेल्यात काम मिळेल का? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे महालक्ष्मीचं रेसकोर्स असतं. मी काम केलं ते हार्नेस रेसिंगमध्ये, ज्याला इथे सगळे नुसतं 'ट्रॉट्स' म्हणतात. यात घोड्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. मागे सल्की, म्हणजे दोन चाकांची हलकी गाडी, आणि तीत पाय पुढे पसरून रेललेला ड्रायव्हर. घोडे स्टँडर्डब्रेड जातीचे, आणि त्यांनी चौखूर धावायचंच नाही. ट्रॉटर दुडक्या चालीने पळतो, पेसर एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो. चाल मोडली की ड्रायव्हरने घोड्याला आवरून पुन्हा चालीवर आणायचं. तोवर बाकीचे कुठल्या कुठे गेलेले असतात.

मला हे वेड लागलं हॅरॉल्ड पार्कला. सिडनीच्या ग्लीब उपनगराच्या कडेला, जुन्या ट्राम डेपोला लागून असलेला तो ट्रॅक. तिथे १९४९ पासून दिव्यांच्या उजेडात शर्यती होत. शुक्रवारी रात्री कठड्याला टेकून उभं राहिलं की टापा, चाकांची घरघर आणि ड्रायव्हरांचे एकमेकांना दिलेले आवाज अगदी जवळून कानावर येत. शेजारी उभे असलेले म्हातारे हमखास जुनं काहीतरी काढत. १९६० च्या इंटर डोमिनियनच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मोठ्या अजिंक्यपद स्पर्धेच्या, फायनलला इथे ५० हजारांवर माणूस लोटलं होतं आणि न्यूझीलंडचा कॅड्युसियस हा घोडा जिंकला होता, हे ते काल घडल्यासारखं सांगत. सत्तरच्या दशकातल्या पेलफेस अ‍ॅडिओसचं नाव निघालं की विषय संपतच नसे. पांढऱ्या तोंडाचा, टेमोरासारख्या लहान गावचा घोडा; शंभराहून जास्त शर्यती जिंकला, आणि गावाने त्याचा पुतळा उभारला. डिसेंबर २०१० मध्ये हॅरॉल्ड पार्क बंद झालं. आता तिथे इमारती आहेत. मोठ्या शर्यती शहराबाहेर, मेनँगलच्या १४०० मीटरच्या ट्रॅकवर गेल्या. ट्रॅक उत्तम आहे, वेळाही तिथे जास्त वेगवान लागतात. पण शहराच्या पोटातली ती शुक्रवारची रात्र गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता कामाचं. तबेल्यात हात लावण्याआधी हार्नेस रेसिंग एनएसडब्ल्यूकडे, म्हणजे न्यू साउथ वेल्समधल्या या खेळाच्या नियामक संस्थेकडे, स्टेबलहँड (तबेल्यातला मदतनीस) म्हणून नोंदणी करावी लागते. पहाटे उठायची तयारी हवी. लीद काढणं, खरारा, खूर साफ करणं, मग जॉग कार्टला, म्हणजे सरावाच्या गाडीला, जुंपून घोडा फिरवून आणणं, परत आल्यावर अंघोळ घालून पायांवर गार पाणी सोडणं, हा रोजचा क्रम. कंटाळवाणा वाटेल, पण घोड्याची ओळख याच कामात होते. कुठला पाय हाताला गरम लागतोय हे तुम्हाला ट्रेनरच्या आधी कळायला हवं.

साजात सगळ्यात जास्त लक्ष द्या हॉपल्सकडे. पेसरच्या एका बाजूच्या पुढच्या आणि मागच्या पायात अडकवलेली ही जोडकडी असते, वरून पट्ट्यांनी टांगलेली. तिची लांबी पट्ट्याच्या भोकांवर ठरते. आखूड झाली तर घोड्याची ढांग अडते, सैल राहिली तर चालीला आधार उरत नाही. प्रत्येक घोड्याचं माप वेगळं. ते लिहून ठेवा, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नका. आणि कान तयार करा. चाल बिघडायच्या आधी टापांचा ठेका बिघडतो. मागे बसलेल्याला तो नजरेआधी कानाला कळतो.

ड्रायव्हर व्हायचंय? मग आधी ट्रायल्समध्ये, म्हणजे सरावाच्या शर्यतींत, गाडी हाकून स्वतःला सिद्ध करावं लागतं आणि सुरुवात बहुधा गावाकडच्या ट्रॅकवर होते. तिथे 'डेथ सीट' म्हणजे काय ते अंगावर कळेल: आघाडीच्या घोड्याच्या बाहेरून, पुढे कुणाचा आडोसा नसताना, सगळा वारा खात पळणं. ऑस्ट्रेलियात ड्रायव्हरच्या अंगावरच्या कपड्यांचे रंग त्याचे स्वतःचे असतात, घोड्याच्या मालकाचे नाहीत, म्हणून लोक रंगांवरून ड्रायव्हर ओळखतात. मुलींना मुद्दाम सांगते, इथे बायकांची शर्यत वेगळी नसते. नताली रासमुसेनने ब्लॅक्स अ फेक या घोड्याला घेऊन चार इंटर डोमिनियन जिंकल्या, सगळ्या पुरुष ड्रायव्हरांना मागे टाकून. नोकरी मागायला जाण्याआधी सकाळच्या ट्रायल्स पाहून या, आणि घोडे सुटतात तिथे उभं राहण्यापेक्षा ते जुंपले जातात तिथे उभे राहा.