ओकीफची फुलं मुलांकडून रंगवून घेताना या चुका टाळा

अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफच्या धर्तीवर फूल काढा म्हटलं की दर वर्षी माझ्यापुढे तेच चित्र येतं. मधोमध रुपयाएवढं फूल, खाली देठ, दोन्हीकडे एकेक पान, बाकी कागद कोरा. लहान फूल थांबून बघायला कोणाला वेळ नसतो, म्हणून तर तिने 1924 पासून फुलं कॅनव्हासभर रंगवायला घेतली. तेच निसटलं तर उरलं काय?

नुसतं "मोठं काढ" सांगणं ही सगळ्यात मोठी चूक. गणेश चवथीच्या आदल्या आठवड्यात गोव्यात फोंड्याला आमच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, वर्ग भरला होता, पुढ्यात जास्वंद. सहा वर्षांच्या एका मुलीला मी तीनदा म्हटलं, "मोठं काढ गो." दर वेळी तिने शेजारी आणखी एक फूल काढलं! तिच्या लेखी मोठं म्हणजे पुष्कळ. शेवटी वहीच्या पुठ्ठ्यात काडेपेटीएवढी खिडकी कापली आणि फुलाला भिडवून धरली. "आता काय दिसतं?" "तांबडं. मधी पिवळं पिवळं." "तेवढंच काढ." तिने कागदाच्या काठापासूनच ब्रश ओढला, पाकळी थेट बाहेर. तेव्हापासून माझ्याकडे आधी खिडकी, मग रंग.

मोबाइल समोर ठेवून नक्कल करून घेऊ नका. 1939 मध्ये हवाईत ओकीफने जास्वंद आणि चाफा एकाच चित्रात रंगवले. दोन्ही आपल्या परसात आहेत! तिचं चित्र पाच मिनिटं दाखवा, मग फोन आत आणि खरं फूल हातात. जास्वंद सकाळीच तोडा, संध्याकाळपर्यंत ती मिटते. मधल्या दांड्याच्या टोकाला पाच बारीक गोंडे असतात, ते मुलांना मोजू द्या. तिने धोतराही रंगवला, पण तो विषारी, मुलांच्या हाती नको.

पाकळ्यांना काळी रेघ नको.

पावसाळ्यात पोस्टर रंगात पाणी कमी घाला. ड्रायर लावायची घाई मला मुळीच पटत नाही, ओला रंग सरकतो. पंख्याखाली ठेवा आणि तोवर मुलांना दुसरं फूल बघू द्या.

आणि पालकांनो, ब्रश हातात घेऊ नका. एका आईने स्पर्धेसाठी मुलाच्या पाकळ्या रात्री बसून गुळगुळीत करून आणल्या. वर्गात मी ते चित्र त्याच्यापुढे धरलं, तर तो म्हणाला, "हें माझं न्हय."