फुकेतला (थायलंड) झिपलाइन-एटीव्ही पॅकेज घेताना

(झिपलाइन म्हणजे तारेला लटकून घसरत जाणं, एटीव्ही म्हणजे कच्च्या वाटेवर चालवायची चारचाकी बाइक.)

जाहिरातीत मोठा आकडा असतो तो प्लॅटफॉर्मचा, म्हणजे वाटेत थांबायच्या मचाणांचा. प्लॅटफॉर्म म्हणजे झिपलाइन नव्हे. मधे झुलते पूल, जिनेही येतात. म्हणून पैसे भरण्याआधी व्हॉट्सॲपवर विचारा:

१. प्रत्यक्ष झिपलाइन किती, सर्वांत लांब किती मीटरची?
२. एटीव्ही नुसती चालवायला किती मिनिटं? एकट्याला एक की दोघांत एक? (इथेच जास्त फसगत होते.)
३. वजन-वयाची मर्यादा? आईबाबा, मुलं सोबत असतील तर हे सगळ्यांत आधी.
४. हॉटेलवरून ने-आण धरलीय का?

उत्तरं लेखी राहतात. मे ते ऑक्टोबर तिथे पावसाळा, तेव्हा टूर रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का, तेही विचारा.

प्रवास विम्यात एटीव्हीचा अपघात बऱ्याचदा धरलेला नसतो. पॉलिसी वाचूनच निघा.