जुनी फियाट घेऊन कार शोला जाताय?

साताऱ्याहून पुण्याला जुन्या गाड्यांच्या शोला पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, घेऊन जाणार असाल, तर खरी काळजी घ्यायची ती परतीची. दिवसभर गाडी उन्हात उभी असते, त्यात लोकांना आवाज ऐकवायला इंजिन चालू ठेवलं जातं. मग भर दुपारी खंबाटकीचा चढ लागला की गाडी आचके देते आणि बंद पडते. लोक कॉइल, प्लग तपासत बसतात, पण बहुतेक वेळा पेट्रोलच्या नळीत वाफ धरलेली असते. हिचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला, तो तापला की पेट्रोलऐवजी वाफच ओढतो.

अशा वेळी सेल्फ मारत राहू नका, बॅटरी बसेल. गाडी कडेला घ्या, बॉनेट उघडा, सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि पंपावर व नळीवर गुंडाळा. डिस्ट्रिब्युटरवर (प्लगना करंट वाटणारा भाग) पाणी ठिबकू देऊ नका. पंधरा-वीस मिनिटं थांबलात की सहसा गाडी सुरू होते. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना अजिबात उघडायचं नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

निघण्याआधी पेट्रोलचे रबरी पाइप बोटांनी दाबून बघा. आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर खराब होतं. नरम, चिकट लागलं किंवा भेगा दिसल्या तर इथेनॉलला टिकणारे पाइप टाकून घ्या. इथे काटकसर नको, गळणारं पेट्रोल आणि तापलेला सायलेन्सर म्हणजे आगच.

आणि शक्यतो ऊन उतरल्यावरच परत निघा.